गावाकडची गाडी सोडून शहरातल्या अ‍ॅम्ब्युलन्सवर येताय? आधी एवढं वाचा

मी बीएएमएस आहे. धडगाव भागातल्या एका लोकेशनवर अ‍ॅम्ब्युलन्सची डॉक्टर म्हणून चार वर्षं काढली आणि मग ती नोकरी सोडून जळगाव शहरातल्या गाडीवर आले. तेव्हापासून तळोदा, साक्री, चोपडा, रावेर कुठून कुठून ओळखीच्यांचे फोन येतात. "ताई, शहरात येऊ का? कॉल फार असतात म्हणे, पण घर तरी जवळ पडेल." प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते. डॉक्टर आणि पायलट दोघांसाठी लिहिलंय. (पायलट म्हणजे गाडी चालवणारा. आमच्या आबांना ड्रायव्हर म्हटलेलं आजही खपत नाही.)

धडगावकडे आमचा सगळा वेळ रस्ता खायचा. पाड्यावरून पेशंट बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत यायचा, मग चांदसैली घाट उतरून तळोदा, पुढे नंदुरबार. पावसाळ्यात घाटात दरड आली की झालंच. पण तेवढा सगळा वेळ तो एक पेशंट माझा असायचा. शहरात रस्ता दहा मिनिटांचा. वेळ जातो तो जिन्यावर, गर्दीत आणि कॅज्युअल्टीच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या दारात. तिथून सुटका होत नाही तोवर पुढचा कॉल वाजलेला असतो. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी वेगाची तयारी करून आले होते, आणि कामाला आली ती वेगळीच तयारी.

१. अर्ज करण्याआधी एक रात्र कॅज्युअल्टीच्या बाहेर काढा

कुणाच्या ओळखीने, परवानगी घेऊन गाडीत मागे बसून एक शिफ्ट बघता आली तर उत्तम. नाही जमलं तर जळगावच्या किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीबाहेर शनिवारची रात्र काढा. चहा घेऊन बाकावर बसा आणि फक्त गाड्या मोजा. एक गाडी आल्यापासून रिकामी होऊन निघेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा. नातेवाईक कोणाच्या अंगावर धावून जातात तेही बघा. बहुतेक वेळा तो गाडीतलाच माणूस असतो, कारण त्यांना सगळ्यात आधी भेटलेला तोच.

सकाळी घरी जाऊन झोप लागली तर पुढची पायरी वाचा.

२. गाडी कोणाची, ते नीट समजून घ्या

"अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नोकरी आहे" या एका वाक्याखाली चार वेगळ्या नोकऱ्या असतात.

१०८ ही राज्याची तातडीची सेवा. महाराष्ट्रात ती जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ एएलएस (गंभीर पेशंटसाठीच्या, जादा उपकरणांच्या) आणि ७०४ बीएलएस (प्राथमिक जीवरक्षणाच्या). इथे गाडीवर डॉक्टर असतो, कॉल पुण्याच्या कंट्रोल रूममधून येतो आणि पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. सेवा सरकारची असली तरी तुमची नेमणूक चालवणाऱ्या कंपनीकडून होते. ठेका बदलला की पगार देणारा बदलतो, हे डोक्यात ठेवा.

१०२ मुख्यतः गरोदर माता, बाळंतिणी आणि आजारी नवजात बाळांसाठी. इथे पायलटच्या जागा जास्त.

तिसरी खासगी हॉस्पिटलची गाडी. काम बरंचसं रेफर केसचं, म्हणजे एका हॉस्पिटलने मोठ्या हॉस्पिटलला पाठवलेल्या पेशंटचं: जळगावहून संभाजीनगर, नाशिक, मुंबई. कॉल कमी, पण एकेक कॉल लांब.

चौथा खासगी मालक, ज्याच्या दोन-तीन गाड्या सिव्हिलच्या भिंतीलगत उभ्या असतात. यातले काही लोक चांगले आहेत. पण कुठल्या हॉस्पिटलला पेशंट नेला तर किती कमिशन, ही चर्चा पहिल्याच भेटीत निघाली तर चहा पिऊन उठा. नंतर गोत्यात येणार ती तुमची रजिस्ट्रेशन आणि तुमचं लायसन.

गाडीचा प्रकारही विचारा. आपल्याकडच्या मानकात रस्त्यावरच्या अ‍ॅम्ब्युलन्सचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. बी म्हणजे नुसती पेशंट ने-आण करणारी, सी म्हणजे बीएलएस, डी म्हणजे एएलएस. बाहेर मोठ्या अक्षरात 'कार्डियाक' लिहिलेलं आणि आत एक स्ट्रेचर, एक सिलिंडर, अशी गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. व्हेंटिलेटरवरचा पेशंट अशा गाडीत घालायला सांगतील तेव्हा नाही म्हणायची हिंमत नंतर येत नाही, आधीच ठरवावी लागते.

३. कागदपत्रं

मूळ कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या फाइलमध्ये. मूळ कागद कोणाकडेही 'जमा' करू नका. दाखवा आणि परत घ्या.

डॉक्टरांसाठी:
- पदवी, इंटर्नशिपचा दाखला आणि आपल्या कौन्सिलची नोंदणी. नूतनीकरण संपत आलं असेल तर आधी ते करून घ्या, माझी रुजू होण्याची तारीख त्यापायीच पुढे गेली
- बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरचे प्राथमिक आणि प्रगत उपचार) कोर्सची प्रमाणपत्रं. अमेरिकन हार्ट असोसिएशनची असतील तर दोन वर्षंच चालतात, तारीख बघा
- जुन्या नोकरीचं अनुभवपत्र आणि रिलिव्हिंग लेटर

पायलटसाठी:
- लायसन. ७,५०० किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहन साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर चालवता येतं, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. तरी भरती करणारे ट्रान्सपोर्टची नोंद किंवा बॅज मागतात. वाद घालण्यापेक्षा आरटीओतून नोंद करून घेतलेली बरी
- डोळे तपासल्याचा दाखला, रात्रीचं दिसणं धरून
- गाडीवर चलन थकलेलं असेल तर भरून टाका

दोघांसाठी: आधार, पॅन, बँक पासबुक, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, पासपोर्ट फोटो आणि पीएफचा यूएएन नंबर. यूएएन जुनाच द्या. नवा उघडून दिला तर पुढे दोन खाती जोडताना पायपीट होते.

४. मुलाखतीत लाजू नका, हे विचाराच

आपण खान्देशी माणसं पगार विचारताना उगाच संकोचतो. "ते देतीलच ना बरोबर" म्हणतो आणि मग सहा महिने कुरकुरतो. मी हे प्रश्न वहीत लिहून नेले होते. समोरचे साहेब हसले, पण उत्तरं मिळाली:

शिफ्ट किती तासांची? रिलिव्हर (पुढच्या शिफ्टचा माणूस) आला नाही तर पुढच्या शिफ्टचे पैसे मिळतात का, आणि ते लेखी कुठे आहे? हातात किती, पीएफ कुठल्या रकमेवर कापता? तुमचा १२ टक्के वाटा मूळ पगारावर कापतात, म्हणून मूळ पगार किती दाखवलाय ते बघायचं. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) लागू आहे का? गाडीला ठोकर बसली तर खर्च कोणाचा? (पायलट लोकांनो, हा प्रश्न तुमचा. काही ठिकाणी आरसा फुटला तरी पगारातून कापतात.) ठेका बदलला तर ग्रॅच्युइटीसाठीची सलग सेवा कोण धरणार?

आणि डॉक्टर मुलींनी एक जादा विचारायचं: लोकेशनवर बाथरूम कुठे आहे आणि रात्री त्याची किल्ली कोणाकडे असते? हा प्रश्न मी विचारला नव्हता. मी रात्रीच्या शिफ्टला पाणीच कमी प्यायचे, अगदी मे महिन्यातही, जळगावात. व्हायचं तेच झालं, युरिन इन्फेक्शनने आठवडाभर घरी बसले.

५. अंगाची तयारी

हिपॅटायटिस बी चे तीन डोस होतात: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. म्हणजे नोकरी बदलायचा विचार मनात आला की त्या दिवशीच पहिला टोचून घ्या. कोर्स संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर (लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी) करा. १० च्या वर हवा. धनुर्वाताचं इंजेक्शनही चालू ठेवा.

सुई टोचली तर लपवायचं नाही. साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि पेशंट पोहोचवला की तिथेच कॅज्युअल्टीत सांगायचं. एचआयव्हीसाठीची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर उपयोग नाही. "उद्या बघू" म्हणणाऱ्याला मी इथे नावानिशी रागावते, पण नाव लिहीत नाही.

कंबर. गावाकडे पेशंट उचलायला दहा माणसं यायची. शहरात दहा माणसं असतात, पण ती मोबाइल धरून उभी असतात. उचलताना गुडघ्यातून वाका, एक-दोन-तीन मोठ्याने म्हणा. पायलटशी हे आकडे आधी ठरवा, 'तीन'वर उचलायचं की 'तीन'नंतर. हसू नका, एका स्ट्रेचरचं टोक यावरूनच खाली गेलं होतं.

६. शहर पाठ करा, मॅपवर विसंबू नका

रुजू होण्याआधी चार-पाच दिवस मोटारसायकलवर शहर फिरा. एक दिवस सकाळी, एक दिवस संध्याकाळी सात वाजता.

जळगावचंच सांगते. शिव कॉलनी हायवेलगत आहे आणि शिवाजीनगर रेल्वे रुळाच्या पलीकडे. घाबरलेला माणूस फोनवर दोन्ही सारखंच उच्चारतो. गणेश कॉलनी आणि गणेशवाडी हे असंच दुसरं जोडपं. म्हणून कॉल आला की पहिला प्रश्न "पत्ता सांगा" नाही, तर "जवळ कुठला चौक?" इच्छादेवी, आकाशवाणी, अजिंठा चौफुली, टॉवर, नेरी नाका, यातलं एक नाव निघालं की अर्धं काम झालं. मग घरातल्या एकाला कोपऱ्यावर उभं राहायला सांगायचं, रात्री मोबाइलचा टॉर्च लावून.

धुळ्यात येणाऱ्यांसाठी वेगळा खड्डा आहे. तिथे जुनं सिव्हिल साक्री रोडवर आणि भाऊसाहेब हिरे मेडिकल कॉलेजचं रुग्णालय चक्करबर्डीला. नातेवाईक दोन्हीला 'सिव्हिल' म्हणतात. पेशंट एकीकडे आणि नातेवाईक दुसरीकडे, हा प्रकार माझ्या तिथल्या मैत्रिणीने इतक्यांदा पाहिलाय की आता ती नातेवाइकांकडून ठिकाणाचं नाव वदवून घेते.

फुले मार्केट, दाणा बाजार, सुभाष चौक इथे दिवसा गाडी आत घालायचा मोह टाळा. आत जाते, बाहेर निघत नाही. गाडी तोंडाशी उभी करून स्ट्रेचर हाताने आत न्यायचा.

भाषेचं म्हणाल तर कान उघडे ठेवा. जळगावात तावडी आणि लेवा बोली, अमळनेर-पारोळ्याकडून आलेली म्हातारी अहिराणी, तांबापुऱ्यात उर्दूच्या वळणाची हिंदी. धडगावात मी पावरी मोडकीतोडकी बोलायचे, इथे तिचा उपयोग कमी. पण "काय व्हयनं माय? कोठे दुखस?" एवढं विचारलं तरी म्हातारीचा हात सुटतो आणि बीपीचा पट्टा बांधता येतो.

७. गाडी ताब्यात घेताना विश्वास ठेवू नका

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितेय, म्हणून लांबेल.

नवीन नवीन असताना एक रेफर केस संभाजीनगरला न्यायची आली. पेशंटला मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन चालू होता. आधीच्या शिफ्टच्या सहकाऱ्याने जाताना "सगळं भरलंय मॅडम" म्हटलं आणि मी मान हलवली. धडगावला आम्ही पाचजण एका घरासारखे होतो, तिथे असं चालायचं. निघालो. नेरी गेलं. पहूर जवळ आलं तेव्हा आबांनी आरशातून विचारलं, "डॉक्टरताई, काटा पाहिला का?" पाहिला तर ३० वर.

आता हिशोब बघा. गाडीत जो बी टाइप सिलिंडर असतो, त्याची पाण्याची क्षमता साधारण १० लिटर. काट्यावरचा दाबाचा आकडा गुणिले १०, एवढे लिटर ऑक्सिजन आत. पूर्ण भरलेला १५० दाखवतो, म्हणजे १,५०० लिटर. मिनिटाला १० लिटर लावला तर १५० मिनिटं, अडीच तास. आमचा काटा निघतानाच ८० वर असणार. पहूरला उरले ३०० लिटर, म्हणजे अर्धा तास. पुढे अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, फुलंब्री, दोन तासांच्या वर रस्ता. जादाचा सिलिंडर उघडला तर रिकामा.

पहूरच्या सरकारी दवाखान्यातून भरलेला सिलिंडर मिळाला, पेशंट पोहोचला. पण तिथल्या सिस्टरने सिलिंडर ढकलत आणताना माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. पूर्ण भरलेला एक सिलिंडरही त्या प्रवासाला पुरला नसता, हे मला जळगावात दोन मिनिटांत कळलं असतं.

म्हणून शिफ्ट घेताना, कोणी कितीही घाई केली तरी:
- प्रत्येक सिलिंडर उघडून काटा बघायचा आणि आकडा रजिस्टरवर स्वतःच्या अक्षरात लिहायचा. 'भरलेला' असा शब्द नाही, आकडा
- सक्शन मशीन (तोंडा-घशातला स्राव ओढणारं) चालू करून नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं, ओढ लागते का ते बघायचं
- अँबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबायची, मोठ्यांचा आणि मुलांचा असे दोन्ही मास्क आहेत का
- मॉनिटर किंवा एईडीची (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राची) बॅटरी, पॅडची मुदत
- लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा बघायच्या उपकरणाचा) बल्ब. हा हमखास गेलेला असतो
- ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद गाडीत दुपारभर राहिलेल्या पट्टीने दाखवलेल्या साखरेवर मी विसंबत नाही. औषधांची पेटी आणि पट्ट्या गाडी उभी असताना आत खोलीत
- डिलिव्हरी किट, आणि नाळेचे क्लॅम्प मोजून

पायलटने टायर, डिझेल, सायरन, मागच्या दाराची कडी बघायची. गाडी उभी करताना तोंड रस्त्याकडे आणि शक्यतो निंबाखाली. आबा तर सावली जशी सरकेल तशी गाडी सरकवतात.

८. कॉलवर: जिना, गर्दी, दार

जिना. महाबळकडचा एक कॉल. चौथा मजला, आजोबांची उजवी बाजू लुळी, बोलणं अडखळलेलं. लिफ्ट होती, पण स्ट्रेचर आडवा मावेना. गावाकडे मी कधी लिफ्टचा विचार केलाय? शेवटी घरातली जाड सतरंजी खाली सरकवली, चार कोपरे चौघांनी धरले, आबा खालून पाठमोरे उतरले आणि मी डोक्याशी. त्या सहा मिनिटांत मी सुनेला एकच प्रश्न तीनदा विचारला: "आजोबा शेवटचे धडधाकट कधी दिसले?" ती आधी म्हणाली सकाळी आठ वाजता, मग म्हणाली आठला तर ते उठलेच असे. रात्री दहाला दूध प्यायले तेव्हा ठीक होते. मग वेळ धरायची ती रात्री दहाची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून हे एक उत्तर सगळ्या उपचाराची दिशा ठरवतं. वर जाण्याआधी खालूनच फोन करून विचारा: कितवा मजला, लिफ्ट केवढी, पेशंट बसू शकतो का? बसू शकत असेल तर स्ट्रेचरपेक्षा खुर्ची बरी.

गर्दी. हायवे शहराच्या पोटातून गेलेला, त्यामुळे अपघाताला गर्दी तुमच्या आधी पोहोचते. तिला हाकलू नका, कामाला लावा. सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला सलाइनची बाटली धरायला द्या, तो शांत होतो. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून अशा माणसाला संरक्षण आहे, हे तिथल्या तिथे सांगा. अपघाताच्या जखमीला नातेवाईक पैशापायी हलवायला कचरत असतील तर २०२५ ची कॅशलेस योजना सांगा: नोंदणीकृत रुग्णालयात दीड लाखांपर्यंत, सात दिवस.

पेशंट गेलेला असेल तर सगळ्यात अवघड. लोक म्हणतात, "घेऊन चला." नाडी नाही, बुबुळं फाकलेली, अंग ताठलेलं, तरी. आपली गाडी शववाहिका नाही, हा नियम खरा, पण तो नियम पहिल्या वाक्यात सांगितला तर गाडीची काच जाते. मी आधी ईसीजीची पट्टी काढते, घरातल्या एका मोठ्या माणसाला बाजूला घेऊन दाखवते, "काका, ही सरळ रेघ बघा" म्हणते. मग कंट्रोल रूमला कळवते. तरीही हात उचलला गेला तर वैद्यकीय सेवकांवरच्या हिंसेविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदा आहे. तो गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पण कायदा दुसऱ्या दिवशीचा. त्या रात्री गाडीत बसून दार लावून निघायचं.

दार. कॅज्युअल्टीत खाट रिकामी नाही, तुमचा स्ट्रेचर अडकलेला, आत सगळे धावतायत. इथे चिडलात की हरलात. मी पाच वाक्यं पाठ केलीत आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांचं लक्ष आलं की तेवढीच म्हणते: "पुरुष, ३५. दोन तासांपूर्वी फवारणीचं औषध प्यायला, डबा हा घ्या. बुबुळं टाचणीएवढी, तोंडाला फेस, नाडी ५०. एवढं अ‍ॅट्रोपिन इतक्या वाजता दिलं. आता ऑक्सिजनवर ९४." बस्स. गोष्ट सांगत बसलं की कोणी ऐकत नाही. आणि सही-शिक्का घेतल्याशिवाय स्ट्रेचर सोडायचा नाही.

विषप्राशन, जळीत, मारहाण, अपघात या एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या केस. डबा, बाटली, कपडे, चिठ्ठी फेकायची नाही, पेशंटबरोबर द्यायची आणि दिल्याचं लिहायचं. आपल्या भागात कापूस आणि केळी, त्यामुळे घरोघरी फवारणीचं औषध. नातेवाईक "काहीतरी औषध" म्हणतात, डब्यावरचं नाव सांगत नाहीत. पायलटला सांगून ठेवा, निघताना डबा उचलायचाच.

९. पायलटसाठी दोन शब्द आबांकडून

हे मी त्यांना विचारून लिहितेय. "सायरन म्हणजे परवानगी नाही, विनंती आहे," असं ते म्हणतात. २०१७ च्या वाहनचालन नियमांत तातडीच्या कामावरच्या अ‍ॅम्ब्युलन्सला लाल सिग्नल ओलांडायची मुभा आहे, पण काळजी घेऊनच. ठोकलं तर गुन्हा पायलटवर. वाट न देणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे हेही खरं, पण इच्छादेवी चौकात संध्याकाळी तो कोण कापणार? चौकात आधी थांबल्यासारखं करायचं, दोन्ही बाजूंच्या डोळ्यांत बघायचं, मग निघायचं. मागे डॉक्टर छाती दाबत असेल तर वेग नाही, सरळ रेघ महत्त्वाची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायचं असतं. गाडी खड्ड्यात आदळली की माझा हात बरगडीवरून पोटावर जातो.

१०. राजीनामा देताना

नवीन नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय जुना राजीनामा नाही. तोंडी "या तुम्ही सोमवारपासून"वर विश्वास ठेवून दोघं घरी बसलेले मला माहीत आहेत. नोटीसचा महिना पूर्ण करा, रजिस्टर, औषधं, उपकरणं सही घेऊन सोपवा आणि त्या कागदाचा फोटो ठेवा. वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा बँकेतून मिळतो, दोन लाखांचा. तो अजून नसेल तर त्याच दिवशी फॉर्म भरा.

जमलं तर मार्च ते मे रुजू होऊ नका. उष्माघात, लग्नसराईतले अपघात आणि तुमचा नवखेपणा एकदम अंगावर येतो. पावसाळा सुरू झाल्यावर शहरात थोडी उसंत असते. धडगावला नेमकं उलटं, म्हणून तिथल्या लोकांनीही जूनमध्येच सोडलं तर मागच्यांचे हाल होतात. मी दिवाळीनंतर सोडलं.

पहिल्या दिवशीच्या पिशवीत: दोन पेन, मनगटी घड्याळ, कात्री, छोटा टॉर्च, जादाचा ड्रेस, दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, शेंगदाणे-गूळ (जेवायला मिळेलच असं नाही, शेवभाजी बांधून आणलेली बारा तास तशीच राहते) आणि एक जाड चादर. चादरीच्या कोपऱ्यावर नाव घाला. माझ्या दोन कॅज्युअल्टीतच राहिल्या.